वांकेल एंजिनाच्या क्रीडा मोटारगाड्या : तापमान नियंत्रणाचा इतिहास

दट्ट्याच्या मागेपुढे होणाऱ्या हालचालीऐवजी त्रिकोणी घूर्णकाच्या फिरण्यातून शक्ती निर्माण करणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाला त्याच्या जनकावरून वांकेल एंजिन म्हणतात. आकाराने लहान, वजनाने हलके, कंपनरहित आणि अतिशय वेगाने फिरू शकणारे हे एंजिन क्रीडा मोटारगाड्यांना (स्पोर्ट्स कारना) विशेष अनुकूल ठरले. तथापि त्याच्या रचनेतच उष्णतेचा एक बिकट प्रश्न दडलेला आहे. एंजिनाचा एक भाग सतत तापत राहतो व दुसरा सतत थंड राहतो. ही विषमता आटोक्यात ठेवणे हेच या एंजिनाच्या अभियंत्यांचे मुख्य काम होऊन बसले. ज्या कारखान्यांना ते साधले नाही त्यांना हे एंजिन सोडून द्यावे लागले. ज्या एका कारखान्याने ते बऱ्याच अंशी साधले त्यालाही त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. म्हणून या गाड्यांचा इतिहास हा बव्हंशी त्यांच्या शीतनाचा इतिहास आहे.

उष्णतेचे असमान वाटप : या एंजिनाचे कवच आतून मध्यभागी किंचित दबलेल्या लंबवर्तुळासारखे असते. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक एका विकेंद्री दंडावर फिरतो. घूर्णकाची तिन्ही टोके सतत कवचाला टेकलेली राहतात. त्यामुळे घूर्णक व कवच यांमध्ये तीन कप्पे तयार होतात आणि घूर्णक फिरेल तसे ते आकाराने लहानमोठे होत जातात. चूषण, संपीडन, ज्वलन व निष्कास या चार क्रिया प्रत्येक कप्प्यात क्रमाने घडतात. झडपांची गरज नसते, कारण घूर्णकच द्वारे उघडतो व मिटतो.

नेहमीच्या दट्ट्याच्या एंजिनात या चारही क्रिया एकाच सिलिंडरात एकामागून एक घडतात. ज्या भिंतीला जळत्या वायूचा चटका बसतो तिलाच थोड्या वेळाने थंड ताज्या मिश्रणाचा स्पर्श होतो आणि भिंतीचे तापमान एका सरासरीवर स्थिरावते. वांकेल एंजिनात असे होत नाही. येथे क्रिया जागा बदलतात. चूषण नेहमी कवचाच्या एका भागात होते, तर ज्वलन नेहमी त्याच्या समोरच्या भागात. शिवाय विकेंद्री दंडाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घूर्णकामागे एकदा ज्वलन होते. चार धावांच्या एंजिनातील सिलिंडरात ते दोन फेऱ्यांत एकदा होते. दंड मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल, तर कवचाच्या त्याच त्या जागेवर दर सेकंदाला १०० वेळा ज्वलन होते आणि त्या जागेला थंड मिश्रणाचा दिलासा कधीच मिळत नाही. ठिणगी-गुडद्यांच्या (स्पार्क प्लगांच्या) भोवतीचा व तेथून निष्कासद्वारापर्यंतचा भाग हा एंजिनाचा सर्वांत तप्त पट्टा होय.

याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. एका बाजूने अधिक प्रसरण पावल्यामुळे कवच वेडेवाकडे होऊ पाहते. घूर्णकाच्या टोकांवर बसविलेल्या आणि वायू रोखून धरणाऱ्या शिखरपट्ट्यांना मात्र कवचाचा पृष्ठभाग अचूक असावा लागतो. दुसरे असे की, ज्वलनकक्ष लांबट, उथळ व सतत सरकता असल्याने त्याच्या घनफळाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असतो. त्यामुळे ज्वलनाची बरीच उष्णता कार्यात न येता भिंतींमध्ये जाते. मिश्रण सावकाश जळते आणि द्वार उघडते त्या वेळी निष्कास वायू अजून अतिशय तप्त असतात. थोडक्यात, शीतनव्यवस्था व निष्कासमार्ग या दोहोंवर दट्ट्याच्या एंजिनापेक्षा अधिक भार पडतो.

घूर्णकाचे शीतन : कवचाला निदान बाहेरून पाणी लावता येते, घूर्णकाला ती सोय नाही. तो चोहोबाजूंनी बंदिस्त असून कवचाशी त्याचा संबंध केवळ पातळ पट्ट्यांमार्फत येतो. त्याची उष्णता काढण्याचे दोन मार्ग वापरले गेले. पहिल्यात एंजिनात जाणारे ताजे मिश्रणच प्रथम घूर्णकाच्या पोकळीतून नेतात. जर्मनीतील फिख्टेल उंट झाक्स या कंपनीने आपल्या लहान एंजिनांत ही पद्धत वापरली. ती साधी व स्वस्त आहे, पण मिश्रण तापून विरळ झाल्याने शक्ती घटते. दुसऱ्या मार्गात विकेंद्री दंडातील छिद्रांतून वंगणतेलाचे फवारे पोकळ घूर्णकात सोडतात. घूर्णकाच्या विकेंद्री गतीमुळे हे तेल आत घुसळले जाते, भिंतींची उष्णता घेते आणि बाहेर पडून तळपात्रात उतरते. क्रीडा मोटारगाड्यांनी हा दुसरा मार्ग स्वीकारला. परिणामी या गाड्यांत तेल हे केवळ वंगण न राहता पाण्याच्या बरोबरीचे शीतक बनले. पाण्याच्या रेडिएटरइतकेच महत्त्व तेलशीतकाला आले, ही गोष्ट दट्ट्याच्या एंजिनाची सवय असलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

प्रारंभ : फेलिक्स वांकेल (१९०२–८८) यांनी जर्मनीतील नेकारझुल्म येथील एनएसयू या कारखान्याच्या सहकार्याने बनविलेले पहिले एंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. त्यात घूर्णक व त्याभोवतीचे कवच ही दोन्ही फिरत असत. ते अतिशय सफाईने फिरे, पण ठिणगी-गुडदी बदलण्यासाठीही ते खोलावे लागे. एनएसयूतील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवून फक्त घूर्णक फिरेल अशी सोपी रचना केली आणि तिचे एंजिन १९५८ मध्ये चालू झाले. वांकेल यांना हा बदल रुचला नव्हता. मात्र स्थिर कवचात पाण्याचे मार्ग ठेवणे शक्य झाले आणि मोटारगाडीसाठी उपयुक्त असे एंजिन यातूनच निर्माण झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील कर्टिस–राइट या कंपनीने व पुढे जगातील अनेक कारखान्यांनी या एंजिनाचे परवाने घेतले.

कवचात पाणी कसे खेळवावे, हा पहिला प्रश्न होता. सर्वत्र सारखेच पाणी फिरविले, तर थंड भाग वाजवीपेक्षा थंड होतो आणि तप्त भाग तप्तच राहतो. म्हणून दंडाला समांतर असे अनेक मार्ग कवचात आरपार ठेवून त्यांतील फासळ्या व मार्गांची रुंदी उष्णतेच्या प्रमाणात ठरविण्याची पद्धत रूढ झाली. तप्त पट्ट्यात मार्ग अरुंद व फासळ्या अधिक असल्या म्हणजे पाण्याचा वेग व धातूशी होणारा संपर्क हे दोन्ही वाढतात. कवचासाठी उष्णतेचे उत्तम वहन करणारे ॲल्युमिनियम निवडण्यात आले आणि त्याच्या आतील पृष्ठभागावर कठीण धातूचा लेप देण्यात आला.

एनएसयू स्पायडर व आरओ ८० : वांकेल एंजिन बसविलेली पहिली विक्रीची मोटारगाडी ही क्रीडा गाडीच होती. एनएसयू स्पायडर ही दोन आसनांची उघडी गाडी १९६३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडण्यात आली व १९६४ पासून विकली जाऊ लागली. एकाच घूर्णकाचे, सु. ५०० घ. सेंमी.चे आणि ५० अश्वशक्तीचे तिचे एंजिन मागे होते; रेडिएटर मात्र समोर बसविला होता, म्हणजे पाण्याला गाडीची जवळजवळ पूर्ण लांबी ओलांडून जावे व परतावे लागे. १९६७ पर्यंत अशा २,३७५ गाड्या तयार झाल्या. स्पायडर ही एक प्रकारे ग्राहकांच्या हातून झालेली चाचणीच होती.

याच कारखान्याची आरओ ८० (१९६७–७७) ही क्रीडा गाडी नसून मोठी कौटुंबिक गाडी होती, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. दोन घूर्णकांच्या या गाडीला १९६८ चा यूरोपातील सर्वोत्तम मोटारगाडीचा बहुमान मिळाला. पण शिखरपट्ट्या झिजून एंजिने लवकर निकामी होऊ लागली आणि हमीच्या काळात ती बदलून देताना कारखान्याची आर्थिक स्थिती खालावली. १९६९ मध्ये एनएसयूचे फोक्सव्हॅगनच्या आधिपत्याखालील ऑटो यूनियनमध्ये विलीनीकरण झाले. पट्ट्यांचे साहित्य पुढे सुधारले, पण गमावलेला विश्वास परत आला नाही.

जपानमधील कार्य : हीरोशीमा येथील टोयो कोग्यो (१९८४ पासून माझदा मोटर कॉर्पोरेशन) या कारखान्याचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी १९६० मध्ये एनएसयूशी करार केला. लहान मोटार कारखान्यांचे मोठ्या कारखान्यांत विलीनीकरण घडवून आणण्याकडे जपानी शासनाचा तेव्हा कल होता. स्वतंत्रपणे टिकायचे, तर दुसऱ्या कोणाजवळ नाही असे काहीतरी आपल्याजवळ हवे, ही या करारामागील भूमिका होती. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली संशोधन विभाग स्थापन झाला व त्यात ४७ अभियंते होते. कवचाच्या आतील पृष्ठभागावर पडणारे लाटांसारखे ओरखडे ही त्यांच्यापुढील पहिली अडचण होती. जपानी अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. शिखरपट्टीच्या कंपनांमुळे ते उमटतात हे कळल्यावर पट्टीची घडण बदलण्यात आली आणि अखेर ॲल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनाची पट्टी वापरात आली.

या संशोधनाचे फळ म्हणजे ३० मे १९६७ रोजी विक्रीस आलेली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी. तिच्या दोन घूर्णकी एंजिनाचे घनफळ ९८२ घ. सेंमी. व शक्ती ११० अश्वशक्ती होती. प्रत्येक घूर्णकामागे दोन ठिणगी-गुडद्या होत्या, कारण लांबट कक्षातील मिश्रण एका ठिणगीने पुरेसे जळत नसे. बाजूची कवचेही या एंजिनात ॲल्युमिनियमचीच होती. पुढील एंजिनांत ती बिडाची करण्यात आली. त्यामुळे खर्च कमी झाला व पृष्ठभाग टिकाऊ झाला, परंतु वजन वाढले आणि एक नवीन नाजूक जागा निर्माण झाली. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. या दोन धातूंची कवचे एकाआड एक रचून लांब बोल्टांनी आवळलेली असतात व त्यांच्यामधून जाणारे पाणी केवळ रबरी कड्यांनी अडविलेले असते. तापमान मर्यादेत असेपर्यंत ही रचना उत्तम टिकते. एकदा जरी एंजिन जास्त तापले, तरी कवच वाकते, रबरी कड्या कडक होतात वा चिरडतात आणि पाणी ज्वलनकक्षात शिरू लागते.

ऑगस्ट १९६८ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे झालेल्या ८४ तासांच्या सलग शर्यतीत दोन कॉस्मो गाड्या उतरविण्यात आल्या. एक ८२ व्या तासाला आसाच्या बिघाडामुळे बाद झाली, तर दुसरी चौथी आली. साडेतीन दिवस व रात्री धावूनही एंजिनांनी दगा दिला नाही, हे या शर्यतीचे खरे महत्त्व होय. शीतनाचा मूळ प्रश्न सुटू शकतो हे तिने दाखवून दिले.

निष्कासाची उष्णता व इंधनटंचाई : १९७० नंतर अमेरिकेत हवा-प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले. ज्वलनाचे कमाल तापमान तुलनेने कमी असल्याने वांकेल एंजिनातून नायट्रोजनाची ऑक्साइडे कमी निघतात; मात्र न जळलेली हायड्रोकार्बने अधिक निघतात. येथे टोयो कोग्योच्या अभियंत्यांनी एंजिनाचा दोषच कामाला लावला. निष्कास वायू मुळातच अतिशय तप्त असल्याने निष्कासद्वारालगत औष्णिक विक्रियक नावाचे जाड पात्र बसवून, त्यात जादा हवा सोडून, उरलेली हायड्रोकार्बने तेथेच जाळून टाकण्यात आली. इतर कारखाने नियमांविरुद्ध तक्रारी करीत असताना ही एंजिने त्यांत बसली.

या उपायाची किंमत मात्र इंधनात मोजावी लागली. विक्रियक पेटता राहावा म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवावे लागे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी खनिज तेलाचा पुरवठा रोखला आणि अमेरिकन शासकीय चाचणीत या गाड्या शहरी वाहतुकीत गॅलनला जेमतेम सु. १० मैल जातात असे प्रसिद्ध झाले. विक्री कोसळली व टोयो कोग्यो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. सुमितोमो बँकेने तिला सावरले आणि १९७९ मध्ये अमेरिकेतील फोर्ड कंपनीने तिचे सु. २५ टक्के भाग घेतले. इतरत्र माघार सुरू झाली. जनरल मोटर्सने १९७४ मध्ये आपला प्रकल्प थांबविला. मर्सिडीज-बेंझने १९६९–७० मधील सी १११ या तीन व चार घूर्णकी प्रायोगिक क्रीडा गाड्या कधीच विक्रीस काढल्या नाहीत. फ्रान्सच्या सिट्रोएनने विकलेल्या आपल्या वांकेल गाड्या शक्य तेवढ्या परत विकत घेतल्या.

टोयो कोग्योने मात्र एंजिन न सोडता इंधनखर्चात ४० टक्के सुधारणा करण्याची योजना आखली व तिला फीनिक्स हे नाव दिले. पट्ट्यांमधून होणारी वायूची गळती कमी करणे, ज्वलन सुधारणे आणि विक्रियकाला द्यावयाची हवा निष्कासाच्याच उष्णतेने आधी तापवून घेणे, हे तिचे मुख्य भाग होते. हवा गरम असली की कमी इंधनावरही विक्रियक पेटता राहतो. म्हणजे हाही मुळात उष्णतेच्या व्यवस्थेचाच प्रश्न होता.

आरएक्स–७ : या परिश्रमांतून मार्च १९७८ मध्ये आलेली आरएक्स–७ ही वांकेल एंजिनाची सर्वाधिक खपलेली क्रीडा गाडी होय. २००२ पर्यंत तिच्या तीन पिढ्यांतील मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पहिल्या पिढीत १,१४६ घ. सेंमी.चे लहानसे एंजिन पुढील आसाच्या मागे, खाली बसविले होते. त्यामुळे गाडीचे नाक सखल व वजनाचा तोल उत्तम राहिला. मात्र सखल नाकामुळे हवा आत घेण्यास जागा थोडी उरते. एंजिनाच्या लहानपणाने दिलेला लाभ व त्याच्या उष्णतेने मागितलेली जागा यांतील हा ओढा पुढील सर्व पिढ्यांत कायम राहिला.

आरंभीच्या गाड्यांत तेलशीतक समोर, वाऱ्याच्या झोतात होता. १९८३ पासून काही प्रकारांत त्याऐवजी तेलाच्या गाळणीखाली बसणारा व पाण्यावर चालणारा लहान शीतक देण्यात आला. त्याने खर्च वाचला व थंडीत तेल लवकर गरम होऊ लागले. परंतु आधीच तापलेल्या पाण्यावर तेलाचाही बोजा पडला. जोरदार गाडी चालविणारे अनेक मालक पुढे जुना, हवेवर चालणारा तेलशीतक शोधून बसवू लागले. १९८१ पासून अमेरिकेतील गाड्यांत औष्णिक विक्रियकाची जागा उत्प्रेरक परिवर्तकाने घेतली आणि मिश्रणातील पेट्रोल कमी करता आले.

एंजिन थंड असतानाची काळजीही रचनेत घेतलेली होती. विकेंद्री दंडाच्या पुढील टोकाशी असलेली एक ताप-संवेदी झडप तेल गार असेपर्यंत त्याचा दाब सोडून देई. त्यामुळे घूर्णकावर फवारे उडत नसत आणि तो लवकर गरम होई. तेल तापले की ती बंद होऊन फवारे सुरू होत. घूर्णक फार थंड असला तर इंधन त्याच्या पृष्ठभागावर सांद्रित होऊन ज्वलन बिघडते. म्हणजेच तापमान नियंत्रण याचा अर्थ नुसते थंड करणे असा नसून योग्य पट्ट्यात ठेवणे असा आहे. पाण्याच्या बाजूने हेच काम सु. ८२° से. तापमानास उघडणारी थर्मोस्टॅटची झडप करते.

टर्बोचार्जरचा काळ : दुसऱ्या पिढीच्या (१९८५) आरएक्स–७ मध्ये टर्बोचार्जर बसविण्यात आला. वांकेल एंजिनाचा तप्त व जोरदार निष्कास टर्बोचार्जरला फार अनुकूल असतो. तथापि दाबलेली हवा तापते व तिला थंड करण्यासाठी अंतरशीतक लागतो. या गाडीत तो एंजिनाच्या माथ्यावर, झाकणातील खाचेखाली होता. गाडी धावत असता त्याला वारा मिळे, पण रहदारीत अडकली की खालच्या एंजिनाची उष्णता तोच शोषून घेई. तापलेल्या हवेमुळे मिश्रण ठिणगीच्या नियंत्रणाबाहेर स्फोटासारखे जळले, तर शिखरपट्टी तुटते आणि तिचे तुकडे कवचाला ओरबाडीत निष्कासमार्गाने बाहेर पडतात.

तिसऱ्या पिढीत (१९९१) पाळीपाळीने काम करणारे दोन टर्बोचार्जर बसवून १,३०८ घ. सेंमी.च्या एंजिनातून २५५ व पुढे २८० अश्वशक्ती मिळविण्यात आली. वजनाने हलकी, रूपाने देखणी व शीतनाच्या बाबतीत सर्वांत नाजूक अशी ही पिढी होती. अरुंद झाकणाखाली दोन टर्बोचार्जर, त्यांच्या रबरी निर्वात नळ्या, उत्प्रेरक परिवर्तक व एंजिन हे सर्व एकमेकांच्या उष्णतेत भाजत. रेडिएटरचे विद्युत् पंखे पाणी १००° से.च्या वर गेल्यावरच फिरू लागत आणि पाण्यातील हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची टाकी काही वर्षांनी तडकत असे. फलकावरील तापमानाचा काटा बऱ्याच मोठ्या पल्ल्यात मधोमध स्थिर राहील असा योजलेला होता. चालकाला उगाच धास्ती वाटू नये, हा त्यामागील हेतू. परंतु काटा हलला तोपर्यंत कवचाची हानी होऊन गेलेली असे. १९९९ च्या आवृत्तीत समोरची हवाद्वारे मोठी करण्यात आली, ही या उणिवेची कारखान्यानेच दिलेली कबुली म्हणावी लागेल.

मालकांची शिस्त : या गाड्यांभोवती जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटन या देशांत मालकांची व लहान कर्मशाळांची एक परंपराच निर्माण झाली. तिने काढलेले निष्कर्ष साधे पण अनुभवसिद्ध आहेत. रेडिएटर कितीही मोठा असला तरी त्याच्या कडेने हवा निसटत असेल, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून गाडीखालचे व रेडिएटरभोवतीचे पत्रे कधीही काढून ठेवू नयेत. दुरुस्तीच्या वेळी अनावश्यक समजून हे पत्रे टाकून दिलेल्या गाड्या महामार्गावरच तापताना आढळल्या आहेत. पाण्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर तो ठिणगी-गुडद्यांजवळच्या उंच व तप्त जागी अडकतो आणि तेथे वाफ होऊन धातू उघडा पडतो. म्हणून पाणी भरताना गाडीचे नाक वर करून सर्व हवा काढतात. पाण्यावर दाब राखणारे रेडिएटरचे झाकण सैल झाले, तर उत्कलनबिंदू खाली येतो आणि तप्त पट्ट्यात पाणी आधी उकळते. तेल व पाणी या दोहोंचे अंश दाखविणारे स्वतंत्र मापक बसविणे हा बहुतेक जाणकार मालकांचा पहिला बदल असतो. शर्यतीच्या गाड्यांत रेडिएटर व अंतरशीतक एकामागे एक न ठेवता इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडतात. त्यामुळे प्रत्येकाला ताजी हवा मिळते.

चालविण्याचेही काही नियम आहेत. तेल गरम होईपर्यंत एंजिन जोरात फिरवू नये. जोरदार धावेनंतर ते एकदम बंद करू नये, कारण पंप थांबताच तप्त पट्ट्यातील उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते. उलट गार एंजिन सुरू करून गाडी चार हात हलवून लगेच बंद केली, तर न जळलेले पेट्रोल शिखरपट्ट्यांवरील तेल धुऊन काढते, संपीडन नाहीसे होते व एंजिन पुन्हा सुरू होत नाही. एंजिन जास्त तापल्यास गाडी तेथेच थांबविणे हाच मार्ग असतो. दट्ट्याचे एंजिन अशा प्रसंगी बहुधा झाकणाखालच्या गॅस्केटवर निभावते. वांकेल एंजिन पूर्ण खोलून नव्या कड्या घालून बांधावे लागते.

ल मां येथील विजय : शीतनाचा प्रश्न सोडविता येतो याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा जून १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत मिळाला. माझदाच्या ७८७बी या गाडीत चार घूर्णकी, २,६१६ घ. सेंमी.चे व सु. ७०० अश्वशक्तीचे एंजिन होते. प्रत्येक घूर्णकामागे तीन ठिणगी-गुडद्या, मृत्तिकाजन्य (सिरॅमिक) शिखरपट्ट्या आणि कवचाला धातू व सिरॅमिक यांच्या मिश्रणाचा लेप अशी त्याची घडण होती. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट व बर्ट्रांड गाशो या चालकांनी ३६२ फेऱ्या पूर्ण करून शर्यत जिंकली. जपानी कारखान्याचा तेथील तो पहिला आणि दट्ट्या नसलेल्या एंजिनाचा एकमेव विजय होय. विशेष म्हणजे, शेवटच्या काही तासांपर्यंत आघाडीवर असलेली मर्सिडीज ही दट्ट्याच्या एंजिनाची गाडी शीतनातील बिघाडामुळे तापून बाद झाली. ज्या एंजिनावर तापण्याचा ठपका होता ते अखेरपर्यंत टिकले आणि नंतर खोलून पाहिले असता सुस्थितीत आढळले.

आरएक्स–८ व पुढील काळ : २००३ ते २०१२ या काळात तयार झालेल्या आरएक्स–८ मध्ये टर्बोचार्जर नव्हता. तिच्या एंजिनात निष्कासद्वारे परिघावरून काढून बाजूच्या कवचांत नेण्यात आली. त्यामुळे चूषण व निष्कास यांची द्वारे एकाच वेळी उघडी राहण्याचे थांबले, प्रदूषण घटले व इंधनाची बचत झाली. परंतु तप्त वायूंचा मार्ग आता बिडाच्या कवचातून वळणे घेत जाऊ लागला आणि मधल्या कवचात दोन्ही घूर्णकांचा निष्कास एकत्र आल्याने उष्णतेचे नवे केंद्र तयार झाले. संपीडन घटल्याच्या तक्रारी वाढल्यावर अमेरिकेत या एंजिनाची हमी ८ वर्षे अथवा १,००,००० मैल इतकी वाढविण्यात आली. २००९ च्या आवृत्तीत पट्ट्यांना तेल पुरविण्याची व्यवस्था सुधारण्यात आली.

याच गाडीच्या हायड्रोजनावर चालणाऱ्या काही प्रती २००६ पासून जपानमध्ये भाड्याने देण्यात आल्या. हायड्रोजन तप्त पृष्ठभागाच्या नुसत्या स्पर्शाने पेटतो. त्यामुळे दट्ट्याच्या एंजिनात तो अवेळी पेटण्याचा धोका असतो. वांकेल एंजिनात मात्र चूषणाची बाजू ज्वलनाच्या बाजूपासून दूर व नेहमी थंड असते. पन्नास वर्षे जी विषमता दोष म्हणून गणली गेली, तीच येथे गुण ठरली.

२०२३ मध्ये माझदाने ८३० घ. सेंमी.चे एक-घूर्णकी एंजिन पुन्हा उत्पादनात आणले. ते क्रीडा गाडीत नसून एमएक्स–३० या विद्युत् गाडीतील जनित्र फिरविण्यासाठी आहे. चाकांशी थेट संबंध नसल्याने ते सोयीच्या वेगाने फिरू शकते आणि वेग व भार यांच्या सततच्या चढउतारांबरोबर होणारे तापमानाचे हेलकावे टळतात. त्याची बाजूची कवचे पुन्हा ॲल्युमिनियमची करण्यात आली आहेत; म्हणजे कॉस्मो स्पोर्टमध्ये आरंभिलेली आणि बिडासाठी सोडून दिलेली वाट साडेपाच दशकांनंतर, अधिक टिकाऊ लेपाच्या आधारे, पुन्हा धरण्यात आली. उष्णता एका जागी साठते हा या एंजिनाचा धर्म बदललेला नाही. बदलले ते त्या उष्णतेशी वागण्याचे ज्ञान.